४० मीटर, १०५ किलोमीटर: 'नायट्रो'चं गणित आणि उभ्या उताराची जाहिरात

मागच्या पोस्टमध्ये पॉलियुरेथेन झिजतं कसं, हे लिहिलं होतं. तेव्हा एका ओळीत सांगून गेलो होतो की रोलर कोस्टरच्या चाकांवर याच जातीच्या पॉलिमरचा थर असतो. त्या एका ओळीवर जेवढे मेसेज आले तेवढे माझ्या अख्ख्या पीएचडीवर आलेले नाहीत. त्यात एक फोन धुळ्याहून ताईचा होता. भाचा दहावी झालाय, क्लासची सहल खोपोलीच्या इमॅजिकाला चालली आहे आणि त्याला 'नायट्रो'त बसायचंय. ताईचा प्रश्न सरळ होता: "तू एवढा शिकलास, तर सांग. पोरगा वर जाई, पन खाले येई ना?"

भाच्याचा प्रश्न वेगळा होता. "मामा, यूट्यूबवर ९० अंशाचे, १२१ अंशाचे कोस्टर आहेत. आपल्याकडचा एवढा भारी नाहीच ना?"

दोघांनाही फोनवर घाईघाईत काहीतरी उत्तर दिलं आणि नंतर वाटलं की दोन्ही उत्तरं अर्धवट होती. म्हणून ही पोस्ट. नायट्रोत मी दोनदा बसलोय, एकदा एमएस्सीच्या सहलीत आणि एकदा पीएचडीला लागल्यावर. पहिल्यांदा ओरडत होतो, दुसऱ्यांदा मोजत होतो. सिनेमाचं परीक्षण लिहितात तसं हे एका यंत्राचं परीक्षण समजा.

आधी जाहिरातीतले आकडे

नायट्रो २०१३ सालचा. बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची, बोलिजर अँड माबियार. प्रकार 'फ्लोअरलेस': ट्रेन स्टेशनातून निघण्याआधी पायाखालची जमीन बाजूला सरकते आणि तुमचे पाय अधांतरी लोंबकळतात. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा डोकं खाली पाय वर.

आता अकरावीचं गणित करू. ४० मीटरवरून काहीही सोडलं, घर्षण आणि हवा दोन्ही शून्य धरली, तर वेगाचा वर्ग म्हणजे २ गुणिले ९.८ गुणिले ४०. उत्तर ७८४, वर्गमूळ २८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १०१ किलोमीटर. साखळीने वर नेलेली ट्रेन शिखर ओलांडताना थोडी चालत असते, तिला सेकंदाला ३ मीटर दिले तरी उत्तर १०१.४ च्या आसपास येतं. १०५ साठी साडेत्रेचाळीस मीटरचा उतार लागेल, आणि तोही घर्षणाशिवाय.

म्हणजे आकडा खोटा आहे का? तसं लगेच म्हणू नका. 'उंची' आणि 'उतार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंची जमिनीपासून मोजतात, उतार शिखरापासून ट्रेन जिथपर्यंत खाली जाते तिथपर्यंत. डोंगराळ जागेत रूळ स्टेशनच्या पातळीच्या खाली उतरू शकतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सचा 'ओब्लिव्हियन'. तिथे झाडांच्या शेंड्यांवर बांधकाम चालत नाही. म्हणून जमिनीवर फक्त सुमारे २० मीटर उंची आणि उतार मात्र ५५ मीटर, कारण ट्रेन जमिनीत खणलेल्या बोगद्यात घुसते.

माझी तक्रार आकड्यावर नाही, आकडा सांगण्याच्या पद्धतीवर आहे. उंची सांगता, वेग सांगता, आणि त्या दोघांना जोडणारा उतार सांगत नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तीच होती.

उभा उतार आला कुठून?

थोडक्यात इतिहास. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसनने जी गाडी चालवली ती ताशी दहाएक किलोमीटरने जायची, आपली बैलगाडी पळवली तरी बरोबरी होईल. १९१९ मध्ये जॉन मिलरने रुळाच्या खालून पकडणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. हा शोध फार मोठा. त्याआधी गाडी रुळावर फक्त वजनाने बसलेली असायची, शिखरावर जोरात गेली तर उडायची भीती. मिलरनंतर गाडीने रूळ तिन्ही बाजूंनी धरला: वरून भार पेलणारं चाक, बाजूने दिशा देणारं आणि खालून उडू न देणारं. आजच्या जवळजवळ प्रत्येक कोस्टरला हीच तीन चाकं आहेत.

१९५९ मध्ये डिस्नेलँडच्या 'मॅटरहॉर्न'मध्ये ॲरो कंपनीने नळीसारखा पोलादी रूळ आणला. लाकडाला जमत नव्हतं ते नळीला जमलं. नळी तिन्ही मितींत वाकते आणि गुळगुळीत राहते. १९७५ मध्ये 'कॉर्कस्क्रू' आला, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातच 'रिव्होल्यूशन', ज्याच्या लूपमागे जर्मन इंजिनिअर वेर्नर स्टेंगेलचं गणित होतं. १९८९ मध्ये 'मॅग्नम'ने २०० फूट ओलांडले. त्याच वर्षी आपल्याकडे गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं.

मग उंची सोडून कोनाची स्पर्धा लागली. ओब्लिव्हियन १९९८, साडेसत्त्याऐंशी अंश. डेन्मार्कचा 'विल्ड स्वीनेट' २००३, ९७ अंश, म्हणजे उताराची भिंत आतल्या बाजूला कललेली. फ्लोरिडाचा 'शेक्रा' २००५, बरोबर ९०. जपानचा 'ताकाबिशा' २०११, १२१ अंश. भाच्याच्या मोबाईलमध्ये हेच आहेत.

कोनाचं खरं मोल

आता परीक्षणाचा मुख्य भाग. कोनाचा वेगाशी काहीही संबंध नाही. ४० मीटर उतरलात की २८ मीटर प्रति सेकंद, मग उतार ४५ अंशाचा असो की ९० चा. कोन बदलला की बदलते ती सीट तुम्हाला किती दाबते ती गोष्ट. सरळ उतारावर तो दाब म्हणजे तुमचं वजन गुणिले कोनाची कोसाइन. ४५ अंशाला तुम्हाला ७१ टक्के वजन जाणवतं, ६० अंशाला निम्मं, ८० अंशाला १७ टक्के, ओब्लिव्हियनच्या साडेसत्त्याऐंशीला ४ टक्के आणि ९० ला शून्य.

नीट बघा. ४५ पासून ८० पर्यंत जाताना ५४ टक्के वजन हरवतं. ८० पासून ९० पर्यंत, म्हणजे ज्या दहा अंशांसाठी एवढी पोस्टरं छापतात त्यात, फक्त १७. तुमच्या पोटाला तो फरक कसाबसा कळेल. डोळ्यांना मात्र खूप कळतो, कारण पुढे रूळच दिसत नाही. शेक्रासारखा कोस्टर म्हणून तर कड्यावर आणून ट्रेन काही सेकंद थांबवतो. ती भीती खरी आहे, पण ती थांबण्याची भीती आहे.

९० च्या पुढे मात्र खरोखर काहीतरी नवीन होतं. ९७ अंशाला कोसाइन उणे ०.१२, १२१ ला उणे ०.५२. सीट तुम्हाला धरतच नाही, खांद्यावरचा हार्नेस तुमचं अर्धं वजन पेलतो. तेव्हा भाच्या, ताकाबिशा वेगळा आहे हे मान्य. पण ९० वाला ८० वाल्यापेक्षा खूप भारी, हे मला मान्य नाही.

आता दुसरा मुद्दा, जो जाहिरातीत कधीच नसतो. उभे खाली आलात, पुढे काय? आडवं व्हावं लागतं. आणि वळण घ्यायला जागा लागते.

समजा तळाशी ४ जी पेक्षा जास्त द्यायचं नाही, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४० किलोचा झाल्यासारखं वाटेल एवढंच. त्यातला १ जी पृथ्वीचाच, म्हणून वळणाला ३ उरले. २८ मीटर प्रति सेकंद वेगाला त्रिज्या येते सुमारे २७ मीटर. उभ्याचं आडवं व्हायला पाव वर्तुळ, म्हणजे २७ मीटर उंची निव्वळ वळणात गेली. ४० पैकी उरले १३. गंमत अशी की हे प्रमाण उंचीवर अवलंबूनच नाही: गणित सोडवलं तर त्रिज्या नेहमी उंचीच्या दोन तृतीयांश येते. १०० मीटरचा कोस्टर बांधा, ६७ मीटर वळणातच जाणार. वळणाच्या वरच्या भागात वेग कमी असतो, तिथे रूळ जास्त घट्ट वाकवून डिझायनर काही मीटर वाचवतात, पण हिशोबाचा अंदाज हाच.

शिखरावरही वळण लागतं, आडव्याचं उभं व्हायला. तिथे आणखी एक गंमत. थांबलेल्या ट्रेनला पाव वर्तुळावरून खाली सोडलं, तर ती उभी होते त्या क्षणी हार्नेस तुम्हाला २ जी ने मागे ओढतो, मग त्रिज्या २ मीटर असो की २० मीटर. कागदावर करून बघा, त्रिज्या वरखाली कटून जाते. म्हणून तिथेही साधं वर्तुळ चालत नाही. सुरुवातीला वेग नाही तेव्हा घट्ट, मग सैल होत जाणारं वळण लागतं. त्याला आठेक मीटर द्या. १३ मधून ८ गेले, उरले ५. तेवढ्यात ट्रेनचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ४० मीटरच्या कोस्टरमध्ये '९० अंश' टिकतो साधारण एक तृतीयांश सेकंद. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ.

पोस्टरवरचा कोन हा असा एका पापणीपुरता असतो. नायट्रोच्या डिझायनरांनी ४० मीटरमध्ये उभ्या उताराचा हट्ट न धरता ती उंची पाच उलट्यांसाठी वापरली. माझ्या मते हा शहाणपणा आहे, कमीपणा नाही.

लूप गोल का नसतो

बारावीला आपण सगळ्यांनी उभ्या वर्तुळाचं गणित केलंय. वर वेगाचा वर्ग त्रिज्या गुणिले जी, खाली त्याच्या पाचपट, दाबातला फरक ६ एमजी. मार्क मिळतात, विषय संपतो. पण तळाशी ६ जी म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. १८९५ मध्ये कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाचा खरोखर गोल लूप बांधला होता. तो माना दुखावण्यासाठीच कुप्रसिद्ध झाला.

आपलेच आकडे घेऊ. तळाशी २८ चा वेग, लूपची उंची ३० मीटर. गोल केला तर त्रिज्या १५: तळाशी ६.३ जी, आणि माथ्यावर जेमतेम ०.३. खाली चेपून टाकतो, वर जवळजवळ लोंबकळवतो. आता तळाची त्रिज्या २७ करा आणि माथ्याची १०. तळाशी ४ जी. माथ्यावर वेग उरलाय १४, दाब येतो बरोबर १ जी. म्हणजे डोकं खाली असताना तुम्हाला खुर्चीत बसल्यासारखं वाटेल! उलटा थेंब दिसतो ना लूप, तो दिसायला सुंदर म्हणून नाही, यासाठी आहे.

आणि २७ वरून १० वर झटक्यात जायचं नाही, हळूहळू जायचं. हे भुसावळच्या कुठल्याही रेल्वेवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही. सरळ रुळावरून एकदम वर्तुळात गाडी घातली की डब्यातला माणूस बाजूला फेकला जातो, म्हणून भारतीय रेल्वे मध्ये संक्रमण वक्र टाकते. औट्रम घाटातून कन्नडला जाणाऱ्या एसटीत उभं राहून प्रवास केला असेल तर हे तुमच्या खांद्यालाही माहीत आहे. त्रास वळणाचा होत नाही, वळण अचानक आल्याचा होतो. त्वरणाच्या बदलाच्या या दराला 'जर्क' म्हणतात. चांगला कोस्टर आणि वाईट कोस्टर यातला फरक बहुतेक वेळा इथे असतो, उंचीत नाही.

नायट्रो या परीक्षेत पास होतो. दुसऱ्या फेरीत मी मुद्दाम मान मोकळी ठेवून बसलो होतो (तुम्ही असं करू नका, डोकं मागे टेकवा). हार्नेसवर कान आपटला नाही. ट्रेन तुमच्या छातीच्या रेषेभोवती फिरते, रुळाभोवती नाही. हा विचारही स्टेंगेलचाच. रूळ तुमच्या खाली गोल फिरत जातो आणि छाती जवळजवळ सरळ रेषेत पुढे जाते.

उणीव सांगायची तर शेवटाची. पहिला अर्धा भाग दमदार आणि नंतर वेग ओसरत जातो, उलट्या होतात पण धाक उरत नाही. ऊर्जा एकदाच मिळते, साखळीकडून. पुढे प्रत्येक वळण त्यातलंच खर्च करतं, आणि त्यातला एक वाटा चाकांवरचं पॉलिमर तापवण्यात जातो. (माझा थिसिस चालतो तो याच वाट्यावर.) आणि बसायचंच असेल तर मागच्या रांगेत बसा. पुढची रांग शिखरावर रेंगाळते, कारण मागचे डबे अजून चढत असतात. मागची रांग शिखरावर येते तेव्हा अर्धी ट्रेन खाली निघालेली असते आणि तुम्हाला ओढून नेते. तिकीट एकच, पण उतार दोन वेगवेगळे.

आता ताईचा प्रश्न

पोरगं खाली येईल का? जळगावकरांना हे समजावणं सोपं आहे. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, त्या रथाला ब्रेक नसतो. चाकाखाली मोगरी घालणारे असतात, रथ वळवायचा आणि थांबवायचा तो त्यांनीच. कोस्टरच्या ट्रेनलाही स्वतःचा ब्रेक नसतो. ब्रेक रुळात असतात, बाहेरून लागतात. रूळ भागांत वाटलेला असतो आणि एका भागात एकच ट्रेन, पुढचा भाग रिकामा नसेल तर मागची थांबते. रेल्वेच्या ब्लॉकसारखंच. चढताना जो टक-टक आवाज येतो तो साखळीचा नाही, मागे घसरू न देणाऱ्या खटक्यांचा. साखळी तुटली तरी ट्रेन तिथेच अडकून राहते. तो आवाज ऐकून घाबरू नका, बंद झाला तर घाबरा.

मग माझी भीती कुठे आहे? ती खोपोलीत नाही, आपल्या गावच्या यात्रांत आहे. एकवीरा देवीच्या यात्रेत, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, आपण सगळे आकाशपाळण्यात, ब्रेकडान्समध्ये बसून मोठे झालो. लहानपणी एका यात्रेत (गाव सांगत नाही) मी ज्या पाळण्यात बसलो त्याच्या दांडीची खिट्टी गायब होती आणि तिथे सुतळी बांधलेली होती. बाबांनी विचारलं तर तो माणूस म्हणाला, "भाऊ, रोज शेकडो माणसं बसतात." काही झालं नाही. म्हणूनच ती गोष्ट आमच्या घरात आजही विनोद म्हणून सांगतात, आणि मीही हसत आलो.

पीएचडीला आल्यावर हसू येईना. पोलाद एका मोठ्या झटक्याने क्वचित तुटतं. ते लाखो छोट्या झटक्यांनी थकतं, आणि थकल्याचं वरून दिसत नाही. 'रोज शेकडो माणसं बसतात' हा सुरक्षिततेचा पुरावा नसून थकव्याचा हिशोब आहे. कायमच्या कोस्टरचे सांधे एकदा जुळवले की वर्षानुवर्षं तिथेच असतात आणि तपासणीची वही असते. यात्रेतला पाळणा एका हंगामात किती वेळा उघडून ट्रकमध्ये भरतात आणि पुन्हा नदीच्या वाळूवर उभा करतात, ते मोजा. प्रत्येक वेळी प्रत्येक खिट्टी कुणाच्या तरी हातून परत बसते.

कोस्टर डिझाइनचे अमेरिकन आणि युरोपीय मानक वाचले तर त्यात किती जी एवढंच नसतं, किती सेकंदांसाठी तेही असतं, आणि कुलूप एक निकामी झालं तर दुसरं धरेल का हेही असतं. सव्वाशे वर्षं माना दुखावून घेऊन हे शिकलेलं आहे. ते शिक्षण आपल्या यात्रेच्या मैदानापर्यंत आलेलं नाही. आपण मात्र कुठल्या कोस्टरचा कोन १२१ आहे ते पाठ करतोय.

म्हणून भाच्याला मी कोन विचारू नकोस म्हणालो, दुसरं विचार. खोपोलीतही विचार आणि एकवीरेच्या यात्रेतही. मला धरणारी गोष्ट एक आहे की दोन? ती निघाली तर कुणाला कळेल, मला की मशीनला? आज सकाळी हे रिकामं फिरवून बघितलं का? जिथे विचारल्यावर राग येतो तिथे बसायचं नाही.

सहल पुढच्या आठवड्यात आहे. ताईने परवानगी दिली, एका अटीवर: येत्या यात्रेत मी तिच्याबरोबर जायचं आणि हे तीन प्रश्न पाळणेवाल्याला मी स्वतः विचारायचे, तिच्या देखत. जाणार आहे. तुमच्या गावच्या यात्रेत कुणी विचारले आणि काय उत्तर मिळालं, ते खाली लिहा. पुढची पोस्ट त्यावरच करू.